मदत हवी आहे: ट्रॅपिस्ट-१ चं मॉडेल कोलमडतंय, आणि ‘ई’ ग्रह जीवसृष्टीसाठी बाद धरायचा का?

ध्रुवमत्स्य: रिबाउंडमध्ये (ग्रहांच्या कक्षा चालवून पाहण्याचा प्रोग्रॅम) ट्रॅपिस्ट-१ या छोट्या, मंद ताऱ्याचे सातही ग्रह (आतून बाहेर ‘बी’ ते ‘एच’) टाकलेत. एककं वर्ष, खगोलीय एकक आणि सौर वस्तुमान. इंटिग्रेटर (कक्षा पुढे सरकवणारी गणनपद्धत) डब्ल्यूएचफास्ट, डीटी (म्हणजे काळाचं एक पाऊल) ०.०१ (सूर्यमालेच्या उदाहरणातून तसाच उचललेला), सुरुवातीचे कोन रँडम. थोड्याच वर्षांत कक्षा विस्कटतात. शिवाय ‘ई’चं तापमान २५० केल्विन येतंय, म्हणजे उणे २३ सेल्सिअस. मग तो बादच ना?

रोहिणी_४: आधी डीटी. ०.०१ वर्ष म्हणजे ३.६५ दिवस, आणि ‘बी’ची प्रदक्षिणाच १.५१ दिवसांची! एका पावलात तो दोनदा फिरून पुढे जातोय. सर्वांत आतल्या ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा विसावा भाग घ्या, म्हणजे ०.०००२ वर्ष. ऊर्जेतली सापेक्ष चूक छापत राहा. ती वरखाली झाली तर चालेल, एकाच दिशेला सरकत गेली तर डीटी अजून कमी करा.

रँडम कोन हे खरं दुखणं. हे ग्रह अनुनादाच्या साखळीत आहेत, म्हणजे शेजाऱ्यांचे प्रदक्षिणाकाळ पूर्णांकांच्या गुणोत्तरात, आतून बाहेर साधारण ८:५, ५:३, ३:२, ३:२, ४:३, ३:२. कोन भलतेच दिले की साखळी तुटते, मग डीटी कितीही बारीक करा. वस्तुमानं, कोन, विकेंद्रता (कक्षा किती लांबट ते) सगळं एकाच फिटमधून, म्हणजे निरीक्षणांशी जुळवलेल्या एकाच संचातून घ्या. एका पेपरातून हे, दुसऱ्यातून ते अशी खिचडी नको. तपासायला λई − ३λएफ + २λजी काढा (λ म्हणजे ग्रह कक्षेत कुठे आहे ते सांगणारा कोन). तो एका किमतीभोवती झुलला पाहिजे, गोल फिरत सुटला तर साखळी जुळलेली नाही.

अवरक्त: २५० केल्विन अल्बेडो (ग्रह परत फेकतो तो प्रकाशाचा वाटा) शून्य धरून आलंय. ‘ई’ला पृथ्वीच्या साधारण ०.६५ पट प्रारण मिळतं. त्याच सूत्रात पृथ्वी २७८ येते. अल्बेडो ०.३ धरला तर पृथ्वी २५५, ‘ई’ २२८. पृथ्वीचं प्रत्यक्ष सरासरी तापमान २८८ आहे, वरचे ३३ अंश हरितगृह परिणामाचे. तेव्हा नुसत्या या आकड्यावर बाद करता येत नाही, पासही नाही.

प्रश्न वातावरणाचा आहे. असे तारे तरुणपणी कितीतरी जास्त तेजस्वी असतात, त्या काळात ‘ई’वरचं पाणी उडून गेलेलं असू शकतं. ‘बी’ची दिवसाची बाजू जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला सुमारे ५०० केल्विन दिसली (२०२३), म्हणजे जाड वातावरण बहुधा नाहीच. पण तो ताऱ्याला चिकटूनच आहे, त्यावरून ‘ई’चा निकाल लावू नका.

ध्रुवमत्स्य: कोन झुलतोय! मग अल्बेडो ०.३ च ठेवू?

अवरक्त: नको. तारा २५६६ केल्विनचा, प्रकाश बहुतांश अवरक्त, आणि बर्फ तो बराच शोषतं. ० ते ०.३ असा पट्टा द्या. आणि ‘ई’ची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असणार, त्यामुळे दिवस-रात्र वेगळी काढा. सरासरी इथे फसवी आहे.