मदत हवी आहे: साध्या मोबाइलवाल्यांना काय म्हणायचं?

मंडळी एक शब्द हवाय. सोसायटीतल्या लोकांसाठी मोबाइल सेटिंगची छोटी मराठी पुस्तिका लिहितोय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीय. आपण फोनमध्ये रॉम (कंपनीच्या ऐवजी दुसरी सिस्टिम) टाकणारी, त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करणारी, सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवरची तसलीच रॉम २०१६ मध्ये बंद पडली तेव्हा हळहळलेली जमात, पण ज्यांना यातलं काहीच नको असतं त्यांना म्हणायचं काय? 'वापरकर्ता' म्हणजे सरकारी फॉर्म वाटतो, 'ग्राहक' म्हटलं की लाइटबिल आठवतं, आणि 'नॉर्मल लोक' लिहिलं तर बायको म्हणाली मग तुम्ही कोण? (बरोबरच आहे तिचं.)

'अडाणी' वगैरे तर अजिबात नको. माझी मावशी अख्खी भिशी व्हॉट्सॲपवर चालवते, भाजीवाल्याला क्यूआर स्कॅन करून सात रुपये देते, पण सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स (लपवलेल्या जादा सेटिंग) उघडतात हे सांगितलं तर म्हणते, "उघडून काय करू रे?" आता यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

गाण्यात कसं, तानसेन नाही तर कानसेन, स्वयंपाकात सुगरण नाही तर खवय्या, म्हणजे न करणाऱ्यालाही मान आहे. तसलाच काहीतरी शब्द फोनसाठी सुचतोय का कुणाला? मला 'बोटसेन' सुचला होता पण तो ऐकून मावशी इतकी हसली की चष्मा पडला. ऐकणाऱ्याला राग येणार नाही असा, दोन-तीन अक्षरी असला तर उत्तम, रविवारी प्रिंटला द्यायचंय.