डायन्थस मुळाशी कुजतंय, उरलेली रोपं कशी वाचवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्यात राहते, गच्ची पूर्वेकडची, सकाळपासून दुपारी एक-दीडपर्यंत चांगलं कडक ऊन असतं. दिवाळीनंतर नर्सरीतून डायन्थसची रोपं आणली, गुलाबी, पांढरी आणि एक गडद लाल, पाकळ्यांच्या कडा कात्रीने कातरल्यासारख्या असतात ना, ती. डिसेंबरभर अशी फुलली की घरी येणारा प्रत्येक जण आधी गच्चीत जायचा.

आता मात्र दोन रोपं मधूनच बसलीत. बाहेरच्या फांद्यांना अजून कळ्या आहेत पण मधला भाग पिवळा पडून लोळलाय आणि खोड मातीला टेकतं तिथे तपकिरी झालंय, बोटाने दाबलं की साल निसटते. एक उपटून पाहिलं तर कुंडीतली माती वरून कोरडी ठणठणीत, आणि आत नर्सरीतला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गड्डा मात्र पिळला तर पाणी निघेल इतका ओला! मुळं त्या गड्ड्याबाहेर आलेलीच नाहीत.

माती निम्मी लाल, बाकी गांडूळखत, जाड वाळू आणि विटांचा चुरा. पाणी माती सुकल्यावरच, तेही कडेने, खोडावर नाही. सुकलेली फुलं रोज खुडते, खत महिन्यातून दोनदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), लिटरला एक ग्रॅम, जास्त नाही, कारण नत्र वाढलं की नुसता पालाच होतो.

आधी वाटलं मर रोग असेल, कार्नेशन याच कुळातलं, आणि पॉलिहाऊसवाले फ्युजेरियम या मर आणणाऱ्या बुरशीच्या भीतीने लागवडीआधी माती निर्जंतुक करतात. पण मरमध्ये खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघा दिसतात, माझ्याकडे वरचं खोड आतून पांढरंशुभ्र आहे, कूज फक्त मातीलगत. म्हणजे बुंधाकूजच ना?

उरलेल्या रोपांचे गड्डे आता, भर फुलात, काढून मुळं मोकळी करू का, की तसं केलं तर धक्क्याने तीही जातील? मला तर काढावेत असंच वाटतंय, पण आधी कुणी करून बघितलं असेल तर सांगा. आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पुरेल की कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांबंयुक्त बुरशीनाशकाची आळवणी (पाण्यात मिसळून मुळाशी ओतणं) करावी, दोन्ही एकत्र देऊ नये हे माहितीये, पण आधी कुठलं?

लाल रोपाची मला जास्त काळजी आहे, ते हायब्रिड असणार, बी धरून तोच रंग येईल याची खात्री नाही, म्हणून कळी नसलेल्या फांद्यांची पेराखालून कापून वाळूत कटिंग्ज लावायचा विचार आहे. फेब्रुवारीत लागतात का? आणि पुणे-नाशिककडे कुणी छाटून, अर्ध्या सावलीत ठेवून एप्रिल-मे पार केलाय का? पावसात काय करता तेही प्लीज सविस्तर लिहा, पत्र्याखाली ठेवायची सोय माझ्याकडे आहे.