अहिर (सापासारखा लांब ईल मासा) शेततळ्यात सोडला तर पिल्लं होतील का?

ओढाकाठ: संगमेश्वर भागात ओढ्याच्या कोंडीत दोन अहिर मिळालेत. मोठा हातभर आहे. शेततळं प्लास्टिक अंथरलेलं, पाणी बारमाही. नर-मादी कशी ओळखायची? पिल्लं कधी होतील? काही जण म्हणतात ही वामच आहे.

खाडीमुख: पिल्लं होणार नाहीत. अहिर वाढतो गोड्या पाण्यात, अंडी मात्र भर समुद्रात घालतो, तीही आयुष्यात एकदाच, मग मरतो. अळी पानासारखी चपटी आणि पारदर्शक असते. प्रवाहाबरोबर किनाऱ्याशी आली की तिचं काचेसारखं बारीक पिल्लू होतं, खाडीत त्याला रंग चढतो आणि ते नदी चढू लागतं. पुढची कित्येक वर्षं डोहात, कपारीत. रात्री बाहेर पडून खेकडे, झिंगे, लहान मासे खायचे. कृष्णा-भीमेचे अहिर तर बंगालच्या उपसागरातून वर आलेले असतात!
नर-मादी बाहेरून कळत नाही. फार मोठा असेल तर बहुधा मादी. तळ्यात अंडी पक्वच होत नाहीत. जपानमध्ये तिथल्या जातीची पूर्ण पिढी प्रयोगशाळेत निघाली ती २०१० मध्ये, तीही संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन.

कपार: आधी ओळख पटवा. वामीच्या पाठीवर पराच्या पुढे सुट्या काट्यांची रांग असते, तोंड निमुळतं आणि टोकाशी मांसल सोंड. अहिराला काटे नसतात, पाठीचा, शेपटीचा आणि खालचा पर एकसंध असतो. अंगावर गडद ठिपक्यांची नक्षी आणि पाठीचा पर गुदद्वाराच्या बराच पुढे सुरू होत असेल तर तो आपला नेहमीचा अहिर. एकरंगी असून तो पर जवळपास गुदद्वाराच्या वरच सुरू होत असेल तर दुसरी जात, बायकलर.
साफ करताना कच्चं रक्त डोळ्यात, जखमेत जाऊ देऊ नका, विषारी असतं. नीट शिजवल्यावर त्रास नाही.

ओढाकाठ: मग सोडूनच देतो. बंधाऱ्याच्या वर की खाली?

खाडीमुख: डोळे बघा. मोठे झालेले, पोट चंदेरी, खाणं सोडलेलं, म्हणजे तो समुद्राकडे निघालाय. त्याला शेवटच्या बंधाऱ्याच्या खाली सोडा. हे पुराच्या काळोख्या रात्री उतरतात आणि वाटेत वीजनिर्मितीची टर्बाइन असली तर कापले जातात. पोट पिवळट असेल तर अजून वाढतोय, त्याच कोंडीत सोडा. तळ्यात ठेवू नका, पावसाळी रात्री ओल्या काठावरून सरपटत निघून जातो, कातडीतूनही श्वास घेतो ना.

कपार: बंधाऱ्याचंही बघा. बोटभर पिल्लं ओल्या, शेवाळलेल्या भिंतीवर चिकटून चढतात, मोठ्यांना जमत नाही. कोरडी, गुळगुळीत भिंत पिल्लांनाही अडवते. कडेला तिरकी फळी लावून तिच्यावर काथ्याची जाड चटई पक्की बांधा, वरून पाण्याची बारीक धार सतत सोडा. फळीचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं हवं, नाहीतर पिल्लांना वाटच सापडत नाही. जोराची धार नको, पिल्लं वाहून जातात.