मदत हवी आहे : आजोबांचा आवाज आणि आठवणी जपायच्या आहेत

मंडळी, माझे आजोबा गेल्या महिन्यात गेले. घरातल्या प्रत्येकाला वाटायचं की त्यांचा सगळ्यात लाडका आपणच. आम्ही नातवंडं तर त्यावरून भांडायचो. कुणाची परीक्षा असली की निकालाआधी त्यांचा फोन यायचा, निकाल विचारायला नाही, "झोप झाली का?" एवढंच विचारायला.

त्यांच्या कपाटात दोन कॅसेट सापडल्या. एकीत ते माझ्या बाबांना लहानपणी गोष्ट सांगताहेत. ही ९० मिनिटांची आहे. या कॅसेटची फीत ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते आणि जुन्या प्लेअरमध्ये गुंतू शकते, म्हणून अजून लावायची हिंमत झालेली नाही. घरी डिजिटल करणं सुरक्षित आहे का, की जाणकाराकडेच द्यावी? कुणी केलं असेल तर नेमकं कसं केलं, ते सांगाल का?

फोटो मी ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके, इतक्या बारकाईने) स्कॅन करतेय, मागे पेन्सिलीने नावं लिहितेय. पण निम्मे चेहरे ओळखू येत नाहीत. ते फक्त आजीला माहीत आहेत. तिच्याशी बोलून सगळं रेकॉर्ड करायचं आहे, पण फोटो हातात घेतला की तिचे डोळे भरून येतात. थोडं थांबावं का? थांबले तर उशीर होईल अशीही भीती वाटते. अशा वेळी तुम्ही घरच्यांशी बोलायला सुरुवात कशी केलीत?