दाभणाच्या दोन्ही टोकांना दक्षिण ध्रुव?

सातवीची_वही
द्विस्पर्शी पद्धतीने दाभण (10 सेंमी) चुंबकित केला. दोन पट्टीचुंबक मधोमध टेकवून एकाच वेळी दोन्ही टोकांकडे ओढले, 25 वेळा. टाचण्या चिकटतात. पण होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक दाभणाच्या दोन्ही टोकांकडे ओढलं जातं, आणि थर्मोकोलवर तरंगत ठेवला तर कसाही थांबतो. काय चुकलं?

लोहकीस
सुई ओढली गेली यावरून काही ठरत नाही, साधा खिळाही तिला ओढतो. प्रतिकर्षण बघा. दाभणाची टोकं आता सुईच्या दक्षिण टोकाजवळ न्या, 10 सेंमीवरून सावकाश. एकदम जवळ नेलंत तर प्रवर्तनामुळे (जवळच्या चुंबकामुळे येणाऱ्या तात्पुरत्या चुंबकत्वामुळे) कमजोर चुंबकही ओढला जातो आणि फसगत होते.

सातवीची_वही
दोन्ही टोकं दक्षिण टोकाला ढकलतात!

ध्रुवतारा
म्हणजे चुंबक झालाय, पण भलताच. दोन्ही पट्ट्यांची उत्तर बाजूच टेकवली असणार. घासणारा ध्रुव जिथून उचलता, तिथे विरुद्ध ध्रुव तयार होतो. तुम्ही दोन्हीकडे उत्तर ध्रुव उचललात, म्हणून दोन्हीकडे दक्षिण. उत्तर ध्रुव गेला कुठे? मध्यावर. दाभण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोहकिसात लोळवा (पिशवी नसली तर कीस निघता निघत नाही). झुपके तीन दिसतील, मधला धरून. एकटा ध्रुव कधीच नसतो, इथे दोन चुंबक उत्तरेला उत्तर लावून जोडल्यासारखे आहेत. दोघांचे ओढे एकमेकांना मारतात, म्हणून दिशा धरत नाही.

लोहकीस
अगदी बरोबर, माझ्या ते लक्षात आलं नाही. दुरुस्तीला तापवायची गरज नाही, पोलाद मऊ पडेल. एकस्पर्शीने पुन्हा घासा: एकच ध्रुव नेढ्यापासून अणीपर्यंत, पट्टी तिरपी धरून. परत येताना पट्टी हातभर वर उचलून आणा. खाली घासत आणलीत तर केलेलं पुसलं जातं. 30–40 वेळा, अधूनमधून दाभण स्वतःभोवती फिरवून (टोकं न बदलता). उत्तर ध्रुवाने घासलंत तर अणी दक्षिण होईल. द्विस्पर्शीच हवी असेल तर एका पट्टीचा उत्तर आणि दुसरीचा दक्षिण ध्रुव टेकवा.

ध्रुवतारा
त्याआधी पट्ट्या दोऱ्याने टांगून तपासा. स्वस्त संचात उत्तर ध्रुवाचा लाल रंग कधीकधी चुकीच्या टोकाला असतो. तरंगवायला प्लॅस्टिकचं भांडं घ्या, लोखंडी टेबल आणि मोबाइल लांब. पाणी काठोकाठ भरा, नाहीतर थर्मोकोल कडेला जाऊन चिकटतो. आणि पट्टीचुंबक होकायंत्राजवळ आणू नका, सुईचे ध्रुव उलटू शकतात. मग उत्तर दाखवणारं टोक दक्षिणेला तोंड करून बसतं आणि पुढची सगळी निरीक्षणं उलटी येतात.