मदत हवी आहे: मुलासाठी धार्मिक व्यसनमुक्ती केंद्र, घालावं का? (शनिवारपर्यंत कळवायचंय)

सोनचाफा
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. माझ्या बहिणीच्या मुलाला व्यसन लागलंय. शाळेतून काढल्यातच जमा आहे. घरात रोज भांडणं, पैसे गायब होणं, सगळं चालू आहे. ओळखीतल्या एकांनी एक निवासी केंद्र सुचवलंय. धार्मिक आहे. पहाटे उठणं, प्रार्थना, ग्रंथवाचन, सेवा, दिवसभर अंगमेहनतीचं काम, फोन नाही. तिथून सुधारून आलेली मुलं मी पाहिली आहेत. प्रश्न एवढाच की भाच्याचा देवाबिवावर काडीचा विश्वास नाही. अशा मुलाला तिथे उपयोग होतो का? शनिवारपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत, नंतर नाही. अनुभव असलेल्यांनीच लिहा. लेक्चर नको.

जुनाजाणता
कसलं व्यसन? वय काय? कधीपासून? मुलगा जायला तयार आहे का? एवढं तरी लिहा, मग सांगता येईल.

खडूस_काकू
आमच्या धाकट्याचं मोबाइलचं वेड असंच होतं. रात्री राउटर बंद करायला सुरुवात केली. पहिले काही दिवस थयथयाट, मग आपोआप झोपायला लागला. संध्याकाळी मैदानावर पाठवा. मुलांना मोकळा वेळ मिळतो हेच सगळ्याचं मूळ आहे.

तर्कट
उपयोग होत नाही. विश्वास नसलेल्याला प्रार्थनेला बसवलं की तो दोनच गोष्टी शिकतो, खोटं बोलणं आणि गप्प बसणं. 'सुधारून आलेली मुलं' तुम्ही पाहिलीत, पण मधूनच पळालेली किंवा परत येऊन पुन्हा सुरू झालेली तुम्हाला कोण दाखवणार?

वाटसरू
तर्कटराव, जरा दमानं. मी नार्कोटिक्स अॅनॉनिमसमधून (नशा सोडू पाहणाऱ्यांच्या आपसातल्या सभा) बाहेर आलेला माणूस आहे, आणि गेलो तेव्हा कट्टर नास्तिक होतो. तिथल्या व्यसन सोडण्याच्या बारा पायऱ्यांमध्ये देव येतो, नाही म्हणत नाही, पण तिसऱ्या पायरीत तो 'आपल्याला जसा उमगेल तसा' येतो. मला देव उमगलाच नाही. दर आठवड्याला त्या खोलीत येऊन खरं बोलणारी माणसं, हीच माझी 'मोठी शक्ती' मानली. कोणी हरकत घेतली नाही. ना फी, ना हजेरी. सभासद व्हायला व्यसन सोडायची इच्छा, एवढी एकच अट. भाच्याला कोंडण्याआधी एकदा अशा सभेला घेऊन जा.

सोनचाफा
वय सोळा पूर्ण. व्यसन गोळ्यांचं. तयार कसला असणार, कुठला मुलगा तयार असतो? तयार असता तर इथे कशाला विचारलं असतं? मोबाइलचं नाही हो काकू.

निर्माल्य
अॅलाटीनला पाठवा. खास किशोरवयीन मुलांसाठीच आहे. १९५७ पासून चालू आहे.

वाटसरू
अॅलाटीन वेगळं. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या दारूमुळे होरपळणाऱ्या मुलांसाठी ते आहे. मुलगा स्वतः घेतो, त्याच्यासाठी नाही. आई आणि मावशीने मात्र नार-अॅनॉनला जावं, ते व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी असतं.

तर्कट
देव 'उमगेल तसा' ही पळवाट आहे. या बारा पायऱ्या जिथून आल्या ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ साली निघालं ते ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या पोटातून. पापकबुली, शरणागती, प्रार्थना, सगळं तिथलंच. नाव बदलून धर्म जात नाही. देव नको असेल त्यांच्यासाठी १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी आहे. तिथे विचार आणि सवयी तपासतात, कोणाला शरण जायला सांगत नाहीत.

वाटसरू
उगम कुठला का असेना, गुण येतो का ते बघा. २०२० चा कोक्रेन आढावा वाचा, त्यात बरेच अभ्यास एकत्र तपासलेत. पूर्ण सोडून राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांची पद्धत इतर उपचारांच्या बरोबरीची, काही ठिकाणी सरस ठरली आहे.

तर्कट
वाचलाय. तो दारूवर आहे, प्रौढांवर आहे, आणि स्वखुशीने आलेल्या प्रौढांवर आहे. इथे सोळा वर्षांचा मुलगा, गोळ्या, आणि जबरदस्ती. तिन्ही गोष्टी वेगळ्या. आढावा स्वतःच्या सोयीने वापरू नका.

वाटसरू
जबरदस्तीने पाठवा असं मी कुठे म्हटलं? मीही सभेला न्या एवढंच म्हणतोय.

रात्रपाळी
तुमचं भांडण नंतर. @सोनचाफा, गोळ्या म्हणजे कुठल्या? पाकिटावरचं नाव लिहा. मी मनोविकार विभागात परिचारिका आहे, उगीच विचारत नाहीये. किती घेतो, रोज घेतो का, बरोबर दारू असते का, आणि केंद्रात डॉक्टर असतात का, हेही सांगा.

परतलेला
अनुभव असलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. मी साधारण याच वयात अशा एका ठिकाणी होतो. नाव सांगणार नाही. घरच्यांनी 'फिरायला जाऊ' म्हणून गाडीत घातलं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही, प्रार्थनेचं मात्र मला काही वाटत नाही.

प्रार्थना त्रासदायक नव्हती. उलट ठरावीक वेळी उठणं, ठरावीक वेळी सगळ्यांबरोबर बसणं याने डोकं जागेवर आलं. स्वयंपाकघर बघणारे एक वयस्कर गृहस्थ होते, स्वतः त्यातून गेलेले. भाजी चिरताना बोलायचे. त्यांचा देवावर गाढ विश्वास होता, पण माझा आहे का हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्यामुळे मी टिकलो.

त्रास झाला तो कबुलीच्या बैठकीचा. सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःला शिव्या घालायच्या. कमी पडल्या तर बाकीच्यांनी घालायच्या. एक मुलगा तापाने फणफणला होता, तर श्रद्धा कमी म्हणून अंगातलं विष निघतंय असं सांगून त्याला तसंच बसवलं. घरी फोन करायचा तर समोर माणूस बसलेला, त्यामुळे 'बरा आहे' याशिवाय काय बोलणार?

म्हणून मला विचाराल तर देव आहे की नाही हे बघू नका. मुलगा घरच्यांशी एकट्याने बोलू शकतो का, आजारी पडला तर कोण बघतं, आणि नियम मोडला तर काय करतात, हे विचारा.

जुनाजाणता
+१. कबुलीच्या बैठकांवरून अमेरिकेतलं सिनॅनॉन नावाचं केंद्र आठवलं. १९५८ साली निघालं, व्यसनमुक्तीसाठीच. 'गेम' नावाने एकमेकांवर तासन् तास तोंडसुख घ्यायचे. पुढे त्यांनी स्वतःला धर्म म्हणून जाहीर केलं, आणि १९७८ साली विरोधातल्या वकिलाच्या पत्रपेटीत जिवंत रॅटलस्नेक ठेवण्यापर्यंत मजल गेली. तो वकील चावा बसूनही वाचला.

निर्माल्य
साप पत्रपेटीत?? यावर वेगळा धागा काढा राव.

खडूस_काकू
सापाचं मरू दे. मैदानाचं मी गंभीरपणे म्हणत होते. दमलेल्या मुलाला झोप लागते, आणि झोप लागली की अर्ध्या भानगडी मिटतात.

सोनचाफा
धाग्याचं पार वाटोळं केलंत. असो. गोळ्या झोपेच्याच आहेत हो, आजीच्या डब्यातल्या. म्हणून तर आधी लिहिलं नाही, गर्द वगैरे काही नाही. आज पाकीट बघितलं, अल्प्राझोलाम लिहिलंय. गोळी काढून मागची चंदेरी पट्टी नखाने दाबून इतकी सपाट केली होती की हातात घेईपर्यंत रिकामी आहे हे कळत नव्हतं. आजी डबा कपाटात ठेवायला लागल्यावर मित्राकडून आणायला लागला. रोज घेतो. किती ते नक्की नाही, तीन-चार तरी असाव्यात. कधीकधी बिअर. गेल्या परीक्षेपासून चालू आहे असं बहीण म्हणते.

केंद्राच्या फॉर्मवर डॉक्टरचं काही नाही. एक ओळ आहे ती तशीच लिहिते: 'प्रवेशाच्या वेळी बाहेरची कोणतीही औषधे स्वीकारली जाणार नाहीत. पहिले सहा आठवडे कुटुंबीयांशी संपर्क राहणार नाही.' हे सगळीकडे असंच असतं ना?

रात्रपाळी
नाही. आणि हे नीट वाचा, बहिणीलाही वाचून दाखवा.

झोपेच्या म्हणून साध्या, असं नसतं. अल्प्राझोलाम बरेच महिने रोज घेणाऱ्याचं ते एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात. फिट्स. भ्रम होऊ शकतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. एकदम सोडल्यावर जीव धोक्यात येऊ शकतो अशा मोजक्या व्यसनांत दारू आणि या जातीच्या गोळ्या येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या सगळ्या गटावर चौकटीतला इशारा छापायला लावला, त्यात हेच आहे. सोडवायच्या त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवत. त्याला आठवडे लागतात, कधी महिने.

'बाहेरची औषधे नाहीत' म्हणणाऱ्या आणि डॉक्टर नसलेल्या ठिकाणी या मुलाला शनिवारी सोडलं तर रविवार-सोमवारी काय होईल ते मला सांगवत नाही. ते ठिकाण देवाचं आहे की नाही याच्याशी याचा काही संबंध नाही.

आता घरी करायचं ते. आज-उद्यात मनोविकारतज्ज्ञ, ते मिळेपर्यंत निदान नेहमीचे डॉक्टर. तोपर्यंत स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, वाढवूही देऊ नका. डबा कुलपात आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. बिअर अजिबात नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. हातपाय थरथरणं, खूप घाम, असंबद्ध बोलणं, नसलेलं दिसणं यातलं काही झालं, किंवा उठवूनही नीट उठेना, तर वाट न बघता रुग्णालयात न्या. झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, लगेच मदत बोलवा.

तर्कट
रात्रपाळी ताईंशी शंभर टक्के सहमत. मित्राकडून येतात त्या गोळ्यांत पाकिटावर लिहिलंय तेच असेल याचीही खात्री नसते. डॉक्टरांना हेही सांगा.

वाटसरू
सहमत, तर्कटाशी सहमत व्हावं लागतंय तरी. आमच्या सभेत कोणी औषध बंद करायचा सल्ला द्यायला लागला की जुनी मंडळी त्याला गप्प करतात. औषधाचं काम डॉक्टरांचं. सभा नंतरच्या दिवसांसाठी असते.

सोनचाफा
हात थरथरायला लागले वाचून. बहिणीला फोन केला. केंद्रालाही केला. विचारलं की गोळ्या हळूहळू उतरवायची सोय आहे का. ते गृहस्थ म्हणाले, ताई, औषधाला औषध लावून व्यसन जातं का, इथे नामाने उतरतं, तुम्ही श्रद्धा ठेवा. मी म्हटलं झटका आला तर? तर म्हणे आजवर कोणाला आला नाही. मग विचारलं मुलाशी एकट्याने बोलता येईल का, तर फोन दुसऱ्याकडे दिला.

मी स्वतः रोज पूजा करणारी बाई आहे हो, तरी ते ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली.

परतलेला
तुम्हाला उत्तर मिळालं.

खडूस_काकू
मुलाला डॉक्टरकडे नेताना रागावू नका हं. आमचा राउटरचा राग अजून गेलेला नाही.

जुनाजाणता
मुलगा तयार नाही म्हणालात, त्यासाठी. क्राफ्ट नावाची पद्धत आहे, रॉबर्ट मेयर्स यांची. यात व्यसन असलेल्याला नाही, घरच्यांना शिकवतात. शुद्धीत असेल तेव्हा जवळ घ्यायचं, घेतलेली असेल तेव्हा वाद न घालता बाजूला व्हायचं, आणि उपचाराची गोष्ट त्याला स्वतःलाच कंटाळा आलेला असेल त्या क्षणी काढायची. १९९९ च्या एका अभ्यासात उपचाराला नकार देणाऱ्या दारुड्यांपैकी ६४ टक्के या मार्गाने उपचारापर्यंत आले. सगळ्यांनी घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के आणि अल-अॅनॉनच्या (दारुड्यांच्या घरच्यांच्या सभा) मार्गाने १३.

वाटसरू
अल-अॅनॉनचं काम दुसऱ्याला उपचाराला आणणं हे नाहीच. ते घरच्यांनी स्वतः सावरावं म्हणून आहे. त्यामुळे ही तुलना मला पटत नाही. बाकी पद्धत चांगली आहे.

सोनचाफा
अपडेट. शनिवारची जागा सोडली. बहिणीचे यजमान अजून फुरंगटलेले आहेत, त्यांना ते केंद्रच हवं होतं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून भाच्याशी एकट्याशी बोलून घेतलं, बराच वेळ. परीक्षेच्या आधी रात्री छातीत धडधडून जीव जातोय असं वाटायचं, आजीची गोळी घेतली की थांबायचं, हे त्याने तिथे सांगितलं. घरी कोणालाच माहीत नव्हतं. आता गोळ्या बहिणीच्या हातून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळापत्रकाने, आणि त्या घाबरण्यावर वेगळे उपचार सुरू होतील.

आता दुसरा प्रश्न. बहिणीला अजूनही वाटतं की देवाधर्माचा आधार असावा, तिला स्वतःलाही तो हवाय. डॉक्टरही चालू आणि श्रद्धाही, असं कुठे असतं का?

परतलेला
असतं. भरपूर ठिकाणी. विचारायचं एवढंच की 'त्याची औषधं चालू राहतील का, आणि प्रार्थनेला बसला नाही तर काय?' पहिल्याला हो आणि दुसऱ्याला 'काही नाही, बाहेर बसेल' असं उत्तर आलं तर पुढे बोला. बहिणीला मात्र तिच्या पद्धतीने प्रार्थना करू द्या. त्यासाठी मुलाने विश्वास ठेवायची गरज नाही.

वाटसरू
खुल्या सभा असतात, तिथे कोणीही येऊन मागे बसू शकतं, बोलावंच असं नाही. सभा तरुण मंडळींची आहे का ते आधी विचारा. सगळे पन्नाशीचे असतील तर सोळाचा मुलगा पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

रात्रपाळी
एक राहिलं. डबा कुलपात गेला, पण आजी त्या गोळ्या रोज घेत होत्या का? घेत असतील तर त्यांच्याही एकदम बंद झाल्या आहेत का ते बघा.

सोनचाफा
अगं बाई. थांबा, आत्ता फोन लावते.