चेरीची सहल: मेमोरियल डेला नको, १७ मेलाच जाऊ या

प्रेषक: मृणाल (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

व्हॉट्सॅपवर गेले काही दिवस सहलीच्या तारखेवरून जे चाललंय ते एकदा इथे नीट लिहिते, म्हणजे नंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" ऐकायला नको.

ठिकाण ब्रेंटवुड, शनिवार १७ मे. मेमोरियल डेचा, म्हणजे मेअखेरचा, लाँग वीकेंड मुद्दाम टाळलाय. त्या शनिवारी अर्धा बे एरिया योसेमिटीला निघतो, तोही ५८० हायवेवरूनच, आणि उरलेला अर्धा चेरी तोडायला येतो. गेल्या वर्षी साडेदहाला पोचलो तर एका बागेनं पार्किंग भरलं म्हणून फाटकातूनच परत पाठवलं. दुसऱ्या बागेत शिरलो खरे, पण हाताला येतील त्या सगळ्या फांद्या आधीच ओरबाडून झाल्या होत्या. पोरं शेंड्याकडे बघत उभी.

१७ तारीख जरा लवकर होते, मान्य. बिंग चेरी तोवर पुरती तयार असेलच असं नाही. पण ब्रुक्स आणि कोरल शॅम्पेन या जाती बिंगच्या आधी येतात, आणि गर्दी नसेल तर त्या भरपूर मिळतील. मधे पाऊस पडला तर मात्र सगळं रद्द. पिकत आलेल्या चेरीवर पाणी साचलं की साल तडकते. लोदीकडचे मोठे बागाईतदार पाऊस थांबल्याबरोबर बागेवरून हेलिकॉप्टर फिरवतात, नुसतं झाडं वाळवायला! त्यामुळे गुरुवारी रात्री बागेला फोन करून मी शेवटची मेल टाकीन.

फ्रीमाँटहून सकाळी ७ ला निघायचं. मराठी ७ नाही. ६८०, मग ५८०, लिव्हरमोरला व्हास्को रोड. तो रस्ता डोंगरातून जातो, बराचसा दोनच लेनचा आहे. दिवसाही हेडलाइट चालू ठेवा आणि पुढच्याला गाठायच्या भानगडीत पडू नका. पवनचक्क्यांचे फोटो शेजारी बसलेल्यांनी काढावेत.

बादल्या बागेत मिळतात, पैसे पौंडावर. काही ठिकाणी माणशी प्रवेश फी असते, काही ठिकाणी ठराविक खरेदी करावीच लागते. आपल्या बागेचं काय ते विचारून कळवते. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून पॉटलक नंतर गावातल्या सिटी पार्कमध्ये. साइन-अप शीटमध्ये आत्ताच चार जणांनी ढोकळा लिहिलाय. कुणीतरी दहीभाताकडे बघा हो.

मृणाल

प्रेषक: नचिकेत

मृणाल, तयारी जोरदार आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न. जाऊन-येऊन शंभर मैलांवर गाडी हाणायची, उन्हात भाजून घ्यायचं, स्वतःच हमाली करायची आणि वर बागवाल्याला पैसे द्यायचे. तीच चेरी कॉस्टकोत डब्यात भरून, एसीत ठेवलेली मिळते. आपण नक्की कशाचे पैसे देतोय?

(येणार आहेच. बायकोनं आधीच नाव घातलंय.)

प्रेषक: प्रसाद

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी प्रसादचा बाबा, त्याच्या खात्यावरून लिहितो आहे. मुक्काम पोस्ट देवगड, सध्या फ्रीमाँट.

नचिकेत यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. माझी हयात हापूसच्या कलमांत गेली, त्यामुळे गेल्या खेपेस मी चेरी कमी तोडल्या आणि बाग जास्त पाहिली.

हापूस आम्ही झाडावर पिकू देत नाही. चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, पेंढ्यात आढी लावायची, तो घरात पिकतो. चेरीला आढी नाही. झाडावरून काढली त्या क्षणी तिचं पिकणं थांबतं. पुढे ती फक्त मऊ पडते, गोड होत नाही. दुकानात माल जायचा तर वाहतूक सोसेल इतका टणक असतानाच काढावा लागतो, यात दुकानदाराचाही दोष नाही. पण पूर्ण भरलेली चेरी खायची तर झाडाखालीच जायला हवं. तुम्ही पैसे देता ते त्या शेवटच्या चार-पाच दिवसांचे.

म्हणून रंग बघून तोडा. लालबुंद बिंग दिसायला सुंदर, पण ती कच्चीच. काळपट जांभळ्याकडे झुकलेली बघावी. रेनियर नावाची पिवळी जात दिसली तर तिच्या गुलाबी गालाला भुलू नये, मागच्या बाजूचा हिरवट पिवळेपणा जाऊन सोनेरी झालाय का ते पाहावं. तिला बोटानं दाबू मात्र नये, तासाभरात तिथं तपकिरी डाग उमटतो.

आता देठ. आंब्याला देठ ठेवतो तो चीक सालीवर ओघळू नये म्हणून. दापोलीच्या विद्यापीठानं नूतन झेला काढला तोही त्यासाठीच, पात्यानं देठासकट आंबा कापून जाळीत येतो. चेरीलाही देठ हवाच. तो उपटला की त्या जागी जखम होते, रस गळतो आणि शेजारच्या चार चेऱ्या घेऊन ती कुजते. पण देठ फांदीला जिथं धरतो तिथं बोटाच्या पेराएवढी, सुरकुतलेली खुंटी असते. पुढच्या वर्षीचा फुलोरा त्याच खुंटीवर यायचा आहे. गेल्या वर्षी आपल्यातलीच मोठी माणसं मूठ भरून ओढत होती आणि खुंट्या फळांबरोबर बादलीत पडत होत्या. लहान मुलांना उगाच बोल लावू नये. देठ वरच्या टोकाशी चिमटीत धरावा, जरा पिळावा आणि वर उचलावा. सुटून येतो.

शिडी तीन पायांची असते. पायऱ्यांची बाजू आपल्याकडे ठेवून तिसरा पाय फांद्यांमधून आत, खोडाच्या दिशेला रोवायचा. मला ती इतकी आवडली की प्रसादला म्हटलं, अशीच एक देवगडास नेऊ. तो म्हणाला, बाबा, चेक-इन बॅगेत मावेल असं काहीतरी सांगा.

बागेत मधमाश्यांच्या पेट्या दिसल्या तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. बिंगला स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही, म्हणून मधे मधे दुसऱ्या जातीची झाडं लावतात आणि फुलोऱ्याला माश्या आणून सोडतात. आमच्याकडेही मोहोराच्या दिवसांत पेट्या आणतात हल्ली.

आपला,
प्रसादचे बाबा

प्रेषक: मृणाल (सहल समिती)

काका, हे छापून प्रत्येक गाडीत देते. आणि बागेत शिरल्यावर पाच मिनिटं तुम्ही सगळ्यांना दाखवाल का, निदान मुठी भरणाऱ्या मंडळींना तरी?

प्रेषक: अद्वैत

काकांच्या मेलमध्ये बिंगचा विषय निघालाच आहे तर. हे एका माणसाचं नाव आहे. ओरेगनमधल्या मिलवॉकी गावी ल्युएलिंग कुटुंबाची रोपवाटिका होती, तिथला चिनी मुकादम आह बिंग. १८७५ च्या सुमारास ही जात तिथे तयार झाली आणि तिला त्याचं नाव मिळालं. पुढे १८८९ च्या आसपास तो घरच्यांना भेटायला चीनला गेला आणि परत येऊ शकला नाही असं सांगतात, कारण १८८२ पासून चिनी मजुरांना देशात येऊ न देण्याचा कायदा होता आणि १८८८ मध्ये तो आणखी आवळला गेला.

थोडक्यात, व्हिसा स्टॅम्पिंगला गेला आणि अडकला. या लिस्टवर तरी हे जास्त समजावून सांगायला नको.

माझ्याकडे गाडी नाही. सनीव्हेलहून कुणी घेईल का? चकल्या आणतो.

प्रेषक: सुलभा

अद्वैत, आमच्या गाडीत ये. चकल्या घरच्या की दुकानच्या, ते आधी सांग.

मला तर चेरीसाठी ब्रेंटवुडपर्यंत जायचं याचंच हसू येतं. आम्ही सनीव्हेलला राहायला आलो तेव्हा एल कमिनोवर ओल्सन मंडळींची चेरीची झाडं उभी होती. १८९९ पासूनचं त्यांचं घराणं. ही सगळी दरी फुलबागांसारखी फुलायची, जर्दाळू, प्लम, चेरी. आता त्या जागी आपली ऑफिसं आणि आपलेच अपार्टमेंट. ज्यांना ब्रेंटवुड जमणार नाही त्यांनी निदान कम्युनिटी सेंटरशेजारची जर्दाळूची बाग पाहावी, शहरानं ब्लेनहाइम जातीची झाडं राखली आहेत. तिथे तोडायचं मात्र नाही हं.

दोन गोष्टी सांगते, मग थांबते. एक, सगळ्यांनी बर्फ घालून कूलर आणा. गेल्या वर्षी एकांनी चेऱ्यांची पिशवी डिकीत ठेवली आणि पार्कात जेवत बसले. ब्रेंटवुडचं ऊन ते, संध्याकाळी घरी मुरंबाच उघडला. घरी नेल्यावर धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नका, खायच्या वेळी धुवा.

दुसरी जरा कडू आहे. झाडाखाली चव घ्यायला बाग परवानगी देते, पोटभर जेवायला नाही. आंबट लागली म्हणून अर्धी खाऊन फेकायची, तोडलेली आवडली नाही म्हणून गवतात सोडायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तोडली ती आपली. वजनाला लागलीच पाहिजे. आपण तिथे चाळीस-पन्नास जण एकत्र दिसतो, एकानं केलं तरी सगळ्यांच्या नावावर जातं.

सुलभाकाकू

प्रेषक: नचिकेत

काका, शेवटच्या चार-पाच दिवसांचा हिशोब पटला. पण मग १७ ला बिंग तयार नसणार, हे तुमच्याच नियमात बसतं ना? मेमोरियल डे टाळायचाय तर पुढच्या आठवड्यात रजा टाकून मधल्या वारी का नाही?

प्रेषक: प्रसाद

हा मी, प्रसादच. बाबा म्हणतायत की नचिकेतचं बरोबर आहे. बिंगसाठी ते स्वतः बुधवारी २८ ला यायला तयार आहेत, गाडी कुणीतरी चालवावी. मला ऑफिस आहे.

प्रेषक: मृणाल (सहल समिती)

मंडळाची सहल १७ लाच, तारीख आता हलणार नाही. शाळा चालू असताना मधल्या वारी निम्मी पोरं येणार नाहीत. २८ ला ज्यांना जमतं त्यांनी आपसात ठरवा. काकांना फ्रीमाँटहून कोण घेईल ते इथेच लिहा.

१७ साठी: काकांनी सांगितलेली तीन पायांची शिडी फक्त मोठ्यांनी वापरायची, मुलांना बागवालेही चढू देत नाहीत. टोप्या, बंद बूट, पाण्याच्या बाटल्या. नावं रविवारपर्यंत शीटमध्ये. ढोकळा बंद केलाय.

प्रेषक: नचिकेत

२८ ला मी नेतो काकांना. मागे दोन जागा आहेत. कुणी मूल घेऊन येणार असेल तर बूस्टर सीट आपली आणा, आमची आता लहान पडते.